ऑटो आयएसओ राहू द्या, शटर मात्र स्वतःकडे घ्या

तुम्ही लिहिलंय की नवा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा घेतलात, त्यावर २४-१०५ एफ ४ लेन्स आहे. मोड बहुतेक वेळा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते तुम्ही ठरवता, एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि आयएसओ (सेन्सरवर आलेल्या प्रकाशाला दिलेली वाढ) ऑटोवर. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात फिरताना, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांत (रोषणाईच्या चित्ररथांत) आणि मावसबहिणीच्या लग्नात, तिन्ही ठिकाणी निराशा झाली. काही फोटो हललेले, काही १२८०० वर जाऊन दाणेदार, आणि लागोपाठ काढलेल्या दोन फोटोंत उजेड वेगवेगळा. आता विचारताय की ऑटो आयएसओ कायमचा बंद करावा, की बॉडीच (लेन्सशिवायचा कॅमेरा) बदलावी.

दोन्ही करू नका. तुमच्या तीन तक्रारींची मुळं तीन ठिकाणी आहेत, आणि मेनूत त्या सगळ्यांवर एकच नाव लिहिलेलं दिसतं म्हणून दोष ऑटो आयएसओवर जातो. इंदुरात लग्नं, नाटकं आणि रस्त्यावरचे उत्सव मी रोलच्या काळापासून टिपतो आहे, आणि या एका सेटिंगवरून वैतागलेली चांगली-चांगली मंडळी मी पाहिली आहेत. त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

आधी हललेले फोटो. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत तुम्ही अ‍ॅपर्चर दिलंत आणि शटर व आयएसओ या दोन्ही गोष्टी कॅमेऱ्यावर सोडल्यात. मग कॅमेरा काय करतो? आयएसओ जमेल तितका खाली ठेवतो आणि उजेड कमी होईल तसं शटर हळू करत जातो. एका ठरावीक वेगापर्यंत शटर उतरलं की मगच आयएसओ चढायला लागतो. तो ठरावीक वेग कुठला, याचा कारखान्यातून आलेला नियम जुनाच आहे: एक भागिले फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा). म्हणजे तुमच्या लेन्सवर २४ मिमीला साधारण १/२५ किंवा १/३०, आणि १०५ मिमीला १/१०० च्या आसपास. हा नियम आपला हात थरथरतो त्यासाठी तयार झाला. समोरचा माणूस हलतो, याचा त्यात विचारच नाही. सराफ्यात जिलेबी सोडणाऱ्याचा हात १/३० ला पुसट येणारच. बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनवरही भिस्त ठेवू नका, ते तुमच्या हाताचा कंप सावरतं, त्याच्या हाताचा वेग नाही. दुकानाची पाटी खणखणीत आणि माणूस धूसर, असा फोटो दिसला की कारण हेच समजायचं.

यावरचा पहिला उपाय मेनूतच आहे. सोनीत ऑटो आयएसओसाठी किमान शटर स्पीड ठरवता येतो. तिथे स्टँडर्डच्या जागी फास्ट निवडलं तर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) आणि फास्टर निवडलं तर दोन स्टॉप वरचा वेग धरला जातो, म्हणजे १/३० चा १/१२५ होतो. थेट आकडाही देता येतो. निकॉन, कॅनन, फुजी या सगळ्यांत हीच सोय थोड्या वेगळ्या नावाने आहे, आणि फुजीत तर ऑटो आयएसओचे तीन वेगळे संच साठवून ठेवता येतात. तुम्ही आजच तो आकडा १/१२५ करा. माणसं चालत-बोलत असतील तर तेवढं बहुतेक वेळा पुरतं. मुलं पळत असतील, लेझीम चालू असेल, तर १/५०० च्या खाली उतरू नका.

पण एक गोष्ट मेनू सांगत नाही. हा किमान वेग म्हणजे काही अखेरची हद्द नव्हे. आयएसओची वरची मर्यादा तुम्ही ३२०० ठेवलीत, उजेड त्याहूनही कमी पडला, तर अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत कॅमेरा शटर पुन्हा खाली उतरवायला लागतो. १/१२५ सांगितलं होतं तरी १/४० ला फोटो निघतो. दाणे नकोत म्हणून वरची मर्यादा खाली ठेवणाऱ्यांना याच कारणाने सगळ्यात जास्त हललेले फोटो मिळतात. त्यांना वाटतं की आपण दर्जा सांभाळतोय.

म्हणून आता दाण्यांबद्दल. आयएसओ वाढवल्यामुळे नॉईज, म्हणजे हे दाणे, तयार होतो, ही समजूत फार खोल रुजली आहे. नॉईजचं मोठं कारण म्हणजे सेन्सरवर पडलेला प्रकाशच थोडा असणं. प्रकाश कणाकणांनी येतो. कण कमी आले की त्यांच्या संख्येतला चढउतार डोळ्यांना दिसायला लागतो. प्रकाश चौपट केला तर फोटोची स्वच्छता दुप्पट होते, असं हे वर्गमुळाचं गणित आहे. आयएसओ म्हणजे त्यानंतर दिलेली वाढ. तोच फोटो, तेच शटर आणि तेच अ‍ॅपर्चर ठेवून, १२८०० च्या जागी १६०० वर काढलात आणि नंतर संगणकावर तीन स्टॉप उजळलात, तर दाणे कमी होणार नाहीत, काही सेन्सरवर उलट थोडे वाढतील. कित्येक सेन्सरना ४०० ते ८०० च्या दरम्यान कुठेतरी दुसरी पायरी असते, जिथे सेन्सरच्या आतली वाढ बदलते, सोनीच्या ए ७ थ्रीला ती ६४० वर आहे. त्या पायरीवर गेल्यावर सावलीतला नॉईज एकदम उतरतो. आयएसओ वाढवण्याची खरी किंमत वेगळीच आहे: प्रत्येक दुप्पटीला उजळ भागाची साधारण एक स्टॉप जागा जाते. बल्ब, पांढरं कापड, दागिन्यांवरची चमक आधी फाटते, म्हणजे तपशील जाऊन सपाट होते.

तर तुमच्या बॉडीवर वरची मर्यादा १२८०० ठेवा आणि त्या आकड्याला घाबरू नका. एपीएस-सी (लहान सेन्सरची) असती तर ६४०० म्हटलं असतं. खात्री करायची असेल तर घरीच संध्याकाळी एका कोपऱ्याचे १६००, ३२००, ६४०० आणि १२८०० वर, दर वेळी बरोबर एक्सपोजर (फोटोचा एकूण उजेड) देऊन, फोटो काढा आणि ८ बाय १२ इंचांची प्रिंट करून बघा. ३०० डीपीआयने त्या प्रिंटला सुमारे ८६ लाख पिक्सेल लागतात, तुमच्या फाइलीत त्याहून कितीतरी जास्त आहेत, त्यामुळे स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून जे दाणे दिसतात त्यातले पुष्कळसे कागदावर येतच नाहीत. शिवाय एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये एआय डिनॉईज आल्यापासून रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या) फाइलीवरचा नॉईज बराच आवाक्यात आला आहे. हललेल्या चेहऱ्यावर मात्र खात्रीचा इलाज अजून कुठल्याच सॉफ्टवेअरकडे नाही. दाणेदार फोटो आजी फ्रेम करून भिंतीवर लावते. हललेला लावत नाही.

मी स्वतः अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी आणि ऑटो आयएसओ ही जोडी फार क्वचित वापरतो. माझी जोडी मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ. शटर मी ठरवतो, अ‍ॅपर्चर मी ठरवतो, उरलेली एकच गोष्ट कॅमेऱ्याकडे. मॅन्युअल म्हटल्यावर घाबरणाऱ्यांना सांगतो की यात जास्तीचं काम काहीच नाही, एक्सपोजर अजूनही आपोआपच येतं. पेन्टॅक्सने तर २००६ मध्ये के १०डी काढताना यासाठी वेगळा मोडच दिला होता, नाव टीएव्ही. बाकीच्यांनी ती सोय मॅन्युअलच्या पोटात ठेवली.

या जोडीचा खरा उपयोग रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत कळतो. राजवाड्यासमोर मार्चचं रणरणतं ऊन, दहा पावलं आत गल्लीत शिरलं की उंच घरांची गडद सावली, आणि गर्दी तुम्हाला हवी तिकडे नेते. तिथे १/१००० आणि एफ ५.६ लावून टाकायचं. उन्हात आयएसओ १२५ च्या आसपास राहतो, सावलीत हजारावर जातो, पुन्हा उन्हात आलात की खाली उतरतो. डायल फिरवायला हात मोकळे नसतातच, कॅमेऱ्यावर प्लास्टिक गुंडाळलेलं असतं. उजेड आपल्या बोटांपेक्षा वेगाने बदलतो अशा जागेसाठीच ऑटो आयएसओ आहे. एकच सावधगिरी: गुलालाच्या ढगात एकूण हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसतो आणि तरी लाल रंगाचा चॅनल फाटलेला असतो. तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू ठेवा आणि एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे ०.३ ते ०.७ करा. मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ या जोडीत कॉम्पेन्सेशन थेट आयएसओवर चालतं. काही जुन्या बॉडींत मॅन्युअल मोडमध्ये ते मिळत नाही, तुमची नवी आहे, मिळेल.

मर्यादा खालच्या बाजूलाही असते, हे विसरलं जातं. एफ ४ आणि १/५०० ठेवून भर उन्हात आलात तर आयएसओ १०० वर येऊन थांबतो, त्याखाली जायला जागाच नाही, आणि फोटो दीड स्टॉपहून जास्त उजळ येतो. तेव्हा व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात १०० दिसलं की शटर वाढवायचं.

आता तिसरी तक्रार, लागोपाठच्या फोटोंत बदलणारा उजेड. मला सगळ्यात महत्त्वाची हीच वाटते, कारण इथे ऑटो आयएसओ खरोखर नको.

कॅमेऱ्याचं मीटर माणसावर पडणारा उजेड मोजत नाही. फ्रेममधून परत येणारा उजेड मोजतं. तुमच्या मावसबहिणीच्या लग्नातला अंतरपाट आठवा. मंगलाष्टकं चालू आहेत, तुम्ही बाजूने उभे आहात, फ्रेमचा अर्धा भाग त्या पांढऱ्या कापडाने भरलाय. कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड आहे, तो आयएसओ उतरवतो आणि नवरीचा चेहरा काळवंडतो. शेवटचं सावधान झालं, अंतरपाट निघाला, फ्रेममध्ये आता काळेभोर केस, गर्द शालू आणि मागची अंधारी भिंत. आयएसओ एकदम वर उडी मारतो, नवरीचा चेहरा पांढराफटक. अक्षता पडल्या, हार उचलले, पुन्हा वेगळा आकडा. आणि या सगळ्या वेळात मांडवातले दिवे होते तसेच होते. नवरा-नवरीवर पडणाऱ्या उजेडात काडीचाही फरक नव्हता. हे दोन-तीन सेकंद पुन्हा येत नाहीत, आणि अल्बममध्ये शेजारी-शेजारी ठेवताना प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा, प्रत्येकाचे दाणे वेगळे.

इथे आयएसओ हाताने बांधायचा, म्हणजे एकाच आकड्यावर कायम ठेवायचा. मंगलाष्टकं सुरू होण्याआधी मांडवात उभ्या कोणाच्याही चेहऱ्यावर एक फोटो घ्या, एफ ४, १/१६०, आयएसओ ३२०० असं काही येईल, चेहरा बरोबर दिसला की तोच आकडा कायम. मग पांढरा अंतरपाट येवो की काळा कोट, एक्सपोजर ढळत नाही. मुंजीत पांढऱ्या धोतरातला बटू आणि होमाचा धूर, तिथेही असंच. रोलच्या काळात छत्तीस फोटोंना एकच आयएसओ असायचा, आकडा डब्यावर छापलेला, त्यामुळे खोलीत शिरल्यावर आधी उजेड कुठून किती येतोय हे बघायची सवय लागायची. ती सवय मिररलेसवरही तितकीच उपयोगी आहे.

सराफ्यातही हेच धरा. एका गाडीसमोर उभे राहिलात की तिथला उजेड बांधलेला असतो. उघडा बल्ब फ्रेममध्ये आला की ऑटो आयएसओ ८०० ला उतरतो, बल्ब थोडा बाजूला गेला की ५००० ला चढतो, आणि गराडू (एक कंद) तळणाऱ्याचा चेहरा कधी कोळसा, कधी चुना. एका गाडीचा आकडा एकदा ठरवा, तिथे हवे तेवढे फोटो घ्या, पुढच्या गाडीवर नवा आकडा.

अनंत चतुर्दशीला दोन्ही पद्धती एकाच रात्री लागतात. मिल कामगारांची झांकी स्वतःच दिव्यांनी उजळलेली असते, तिच्यावर बाहेरून उजेड पडण्याचा प्रश्न नाही. तिला आयएसओ बांधून घ्या, साधारण १६०० पासून सुरुवात करा आणि रंगीत दिवे फाटत नाहीत ना ते बघत खाली-वर करा. दोन झांक्यांच्या मध्ये आखाड्याचे लोक लाठी-तलवार फिरवतात, त्यांच्यावर कधी मागच्या झांकीचा उजेड, कधी दुकानाचा, कधी नुसता रस्त्यावरचा दिवा. तिथे १/५००, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, आणि आयएसओ ऑटोवर १२८०० पर्यंत. जेल रोडपासून कृष्णपुऱ्यापर्यंत उजेड इतका उलटसुलट असतो की हाताने पाठलाग करणं शक्य नाही. हे अदलाबदलीचं काम मेनूत शिरून होणार नाही. डायलवरच्या सी १, सी २ सारख्या जागांत दोन्ही संच साठवून ठेवा, एका टिचकीत बदलता येतील.

नाटकांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण इंदुरात मराठी माणसाने कॅमेरा घेतला की कधी ना कधी कोणीतरी नाटकाचे फोटो काढायला बोलावतंच, म्हणून सांगून ठेवतो. रंगमंचामागे काळा पडदा असतो. सगळ्या फ्रेमचं सरासरी मीटरिंग तो काळा भाग उजळायला बघतं आणि जिथे १६०० पुरला असता तिथे ६४०० लावतं. नटाचा चेहराही जातो आणि दाणेही येतात. कॉम्पेन्सेशन उणे १ ते १.७ ठेवा, किंवा बॉडीत उजळ भाग सांभाळणारं मीटरिंग असेल तर ते. प्रवेशात प्रकाशयोजना स्थिर असेल तर चेहऱ्यावर मोजून एक्सपोजर लॉक दाबा. मॅन्युअल आणि ऑटो आयएसओमध्ये त्या बटनाने आयएसओच गोठतो.

नाट्यगृहात आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलंत तर पट्ट्या येऊ शकतात, आणि पुष्कळ जण त्याचा रागही ऑटो आयएसओवर काढतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे तिच्या तालावर चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. साध्या सेन्सरला पूर्ण फ्रेम वरून खाली वाचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो, तेवढ्यात दिवा सहा-सात वेळा मंदावतो, त्याच पट्ट्या. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं तर प्रत्येक ओळीला दिव्याचा पूर्ण फेरा मिळतो आणि पट्ट्या जातात. किमान वेग १/१२५ दिलेला असेल तर ट्यूबलाइटखालीही हा त्रास होतो, मेकॅनिकल शटरवर पट्ट्यांऐवजी एक फोटो उजळ, एक पिवळट असा. अशा वेळी बॉडीतलं अँटी-फ्लिकर (शटर दिव्याच्या तालाशी जुळवणारी सोय) चालू करा. रंगमंचावरचे काही एलईडी फार वेगळ्या, वरच्या वारंवारतेवर लुकलुकतात, त्यांना मेकॅनिकल शटर हाच भरवशाचा मार्ग.

बारीकसारीक दोन-तीन गोष्टी. व्ह्यूफाइंडर तुम्हाला फोटो आधीच उजळून दाखवतो, त्यामुळे आयएसओ कुठे पोचलाय ते डोळ्यांना कळत नाही. कित्येक बॉडींत अर्धं बटन दाबेपर्यंत नुसतं ऑटो लिहिलेलं दिसतं. अर्धं दाबून आकडा वाचायची सवय लावा. फ्लॅश लावलात की आयएसओ बांधा, नाहीतर कॅमेरा आणि फ्लॅश दोघेही एकाच वेळी उजेडाचा अंदाज घेत राहतात आणि मागची खोली दर फोटोला वेगळी येते. व्हिडिओत ऑटो आयएसओ टाळाच, एकाच शॉटमध्ये उजेड पायऱ्यांनी बदलताना दिसतो.

आणि बॉडी बदलण्याचं. तुमची बॉडी उत्तम आहे, अडचण एफ ४ ची आहे. नव्या बॉडीच्या पैशांच्या लहानशा हिश्शात ५० मिमी किंवा ३५ मिमीची एफ १.८ लेन्स येते. एफ ४ वरून १.८ वर आलात की सव्वादोन स्टॉपहून जास्त उजेड मिळतो. जिथे १२८०० लागत होता तिथे २५०० च्या आसपास भागतं, शटर तेच राहून. सराफ्याला आणि लग्नाच्या मांडवाला ३५ घ्या, तिथे मागे सरकायला जागा नसते. एका माणसाला एफ १.८ चालेल, दोघं शेजारी असतील तर २.८ वर या, नाहीतर नवरी स्वच्छ आणि नवरदेव पुसट येईल.